गवई कोणास म्हणावे?

आपल्या भाषेत गाणाऱ्या माणसास किती नावे आहेत याचा हिशेब करू गेल्यास मोठी मौज वाटते. गवई, गायक, बुवा, पंडित, खाँसाहेब, नट, कीर्तनकार, भजनी, शाहीर, गोंधळी, वासुदेव. आणि गाणारी स्त्री असली तर तिच्या नावापुढे नुसते ‘बाई’. ही नावे केवळ धंद्यांचे भेद दाखवीत नाहीत. त्यांत पायऱ्या आहेत, आणि खालच्या पायरीवरील माणसास वरच्या पायरीचे नाव देण्यास आपण सहसा राजी नसतो. भजनी बुवाचा आवाज कितीही सुरेल असो, ‘बुवा छान म्हणतात’ एवढ्यावर आपण थांबतो. ‘बुवा छान गातात’ हे शब्द तोंडातून सहजी निघत नाहीत. ओव्या म्हणावयाच्या, आरती म्हणावयाची, अभंग म्हणावयाचा. ख्याल मात्र गावयाचा! म्हणणे आणि गाणे या दोन क्रियापदांत मराठी माणसाने आपले सारे संगीतविषयक मत नकळत साठवून ठेवले आहे. ते मत कितपत टिकते, हे तपासून पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

गवई कोणास म्हणावे, असा प्रश्न सुशिक्षित मंडळींत निघाला म्हणजे साधारणपणे चार उत्तरे ऐकू येतात. ज्याने शास्त्रोक्त शिक्षण घेऊन परीक्षा दिली तो गवई, हे पहिले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना 1931 साली झाली, आणि तेव्हापासून विशारद व अलंकार या पदव्यांनी पुष्कळ घरांच्या भिंती शोभिवंत झाल्या आहेत. या परीक्षांनी संगीत मध्यमवर्गाच्या घरात आणले हे त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु अब्दुल करीमखाँसाहेबांजवळ अशी कोणतीच पदवी नव्हती, आणि विशारद झालेल्या दहा जणांतून एकाचे तरी गाणे दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटेलच अशी हमी कोणी देत नाही. दुसरे उत्तर घराण्याचे, तिसरे उपजीविकेचे. ज्याचे पोट गाण्यावर चालते तो गवई, असे म्हणावे तर लग्नाच्या वरातीत वाजविणारा तेवढा खरा कलावंत, आणि पहाटे चार वाजता उठून चाळीस वर्षे तंबोऱ्याशी बसणारा कारकून कोणीच नव्हे! चौथे उत्तर टाळ्यांचे. बालगंधर्वांच्या एकेका पदास प्रेक्षक किती वेळा ‘वन्समोअर’ देत, याच्या कथा आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांस भरपूर ऐकविल्या आहेत. पण ते भास्करबुवा बखल्यांसारख्या गुरूकडे शिकलेले होते. त्यांच्या गळ्यात जे होते ते टाळ्यांच्या आधीपासून होते. टाळ्यांनी ते सिद्ध झाले असे म्हणणे म्हणजे पावसाने ढग आणला असे म्हणण्यासारखे आहे.

या चारही उत्तरांत एक समान दोष आहे. ती गाणाऱ्याविषयी बोलतात, गाण्याविषयी बोलत नाहीत. या बाबतीत आपल्याच भूमीत सातशे-आठशे वर्षांपूर्वी अधिक बारकाईने विचार झालेला होता, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. हा गृहस्थ दरबारी गवई नव्हता, तो श्रीकरणाधिप होता. म्हणजे राज्याचे जमाखर्च पाहणारा मोठा अधिकारी. (आपल्या संगीताचे दोन मोठे शास्त्रकार, एक हिशेबनीस आणि दुसरे वकील, हा योगायोग खरा, त्यातून कोणी काय अनुमान काढावे ते काढावे.) त्याने गायकांचे जे वर्ग केले आहेत त्यांत घराणे नाही, बिदागी नाही, दरबारातील मानही नाही. शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक असे पाच प्रकार तो सांगतो. बिनचूक शिकवू शकतो तो शिक्षाकार. दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करतो तो अनुकार. रसात स्वतः बुडून जातो तो रसिक. श्रोत्यांस रंगवितो तो रंजक. आणि गीतातील भाव उघडा करून दाखवितो तो भावक. या वर्गीकरणाचा मोठा गुण असा की, एकाच माणसास त्याच्या आयुष्यात एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाता येते.

कुमार गंधर्वांचेच उदाहरण घ्या. शिवपुत्र कोमकळी या मुलाने लहानपणी थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखविल्या, आणि लोक थक्क झाले. शार्ङ्गदेवाच्या भाषेत तो निव्वळ अनुकार होय. नक्कल कितीही आश्चर्यकारक असली तरी तिला एक मर्यादा असते: ज्याची नक्कल करावयाची त्याने जेथे गाणे थांबविले तेथे तिलाही थांबावे लागते. पुढे बी. आर. देवधरांकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. मग क्षयाचे दुखणे आले. 1948 च्या सुमारास ते देवासला राहावयास गेले आणि काही वर्षे गाणे बंद पडले. त्या अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील लोकगीते ऐकली. दुखण्यातून उठल्यावर जो गवई लोकांपुढे आला त्याचा श्वास आखूड झाला होता, तुकडे लहान झाले होते, आणि गाण्याची सारी मांडणीच निराळी झाली होती. ‘हे कोणत्या घराण्याचे गाणे?’ असा आक्षेप कित्येक वर्षे त्यांच्यामागे लागला. ज्यांनी नक्कल डोक्यावर घेतली त्यांपैकीच काहींना स्वतःचे गाणे पटेना, हा आमच्या परीक्षणाचा नमुना आहे!

परंतु मला या प्रकरणात दुसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. लोकधुनांतून उगवलेले म्हणून काही राग कुमारांनी बांधले; त्यांचा ‘अनूपरागविलास’ 1965 साली छापला गेला. आता, ज्या धुनांतून राग निघतो त्या धुना म्हणणाऱ्या माळव्यातील बायाबापड्यांना आपण काय म्हणणार? त्या गातात की म्हणतात? राग काढणारा थोर गवई, आणि ज्या खाणीतून तो निघाला ती नुसती माती, हा न्याय मला तरी पटत नाही. त्या स्त्रिया कुमारांच्या बरोबरीच्या होत्या असे मी म्हणत नाही. खाण आणि दागिना यांत फरक आहेच. पण सोने दोन्हीकडे एकच आहे.

वकील म्हणून ज्यांचा वर उल्लेख केला ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्यांची गोष्ट उलट्या बाजूने बोधप्रद आहे. 1904 साली दक्षिणेचा प्रवास, पुढे उत्तरेचा, जागोजागच्या ग्रंथांची व उस्तादांची गाठ, शेकडो चिजांचे लेखन, दहा थाटांची व्यवस्था, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’चे मराठी खंड, 1916 ची बडोद्याची संगीत परिषद, 1926 साली लखनौस निघालेले विद्यालय, एका माणसाच्या हातून एवढे काम झालेले दुसरे उदाहरण आमच्या सांस्कृतिक इतिहासात थोडे. तथापि मैफल जिंकणारे गवई म्हणून त्यांचे नाव कोणी घेतले नाही, आणि व्यावसायिक गवयांनी त्यांची ‘पुस्तकी’ म्हणून टवाळी करावयास कमी केले नाही. भातखंडे यांस गवई म्हणू नये हे मला मान्य आहे. पण संगीतकार म्हणू नये हे मान्य नाही. त्यांनी ‘चतुर’ या नावाने लक्षणगीते रचली, म्हणजे शब्द आणि स्वर दोन्ही स्वतः बांधले. शार्ङ्गदेवाने अशा माणसास वाग्गेयकार हे स्वतंत्र नाव देऊन ठेवलेले आहे. आमची गोची अशी की, आम्ही जुनी नावे विसरलो आणि सगळ्यांना एकाच ‘गवई’ या अंगरख्यात कोंबू लागलो; ज्याच्या अंगास तो येत नाही त्यास उघडा ठरविला.

आता न्याय देणाऱ्यांविषयी. येथे वाशीमचा संबंध येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील याच नगरात लावून दिला आहे. त्याच ग्रंथात त्याने प्रतिभेचे दोन भाग केले: एक निर्माण करणारी, दुसरी आस्वाद घेणारी. आणि आस्वादकांचे चार प्रकार सांगितले. पहिला अरोचकी, ज्यास काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, जो धान्याबरोबर गवतही खातो. तिसरा मत्सरी, जो गुण पाहतो पण पाहिला नाही असे दाखवितो. चौथा तत्त्वाभिनिवेशी, म्हणजे मर्माशी भिडणारा. तो हजारांत एखादा सापडला तर सापडतो. राजशेखर काव्याविषयी बोलत होता, पण कोणत्याही शहरातील संगीतमहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे उघडावी, हे चौघेही तेथे भेटतात. त्यातल्या त्यात दुसऱ्याचा सुकाळ अधिक. ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ हे वाक्य ज्या लेखणीतून निघते ती गवत खाऊन बसलेली आहे असे खुशाल समजावे. अरोचकी माणसाविषयी मात्र राजशेखर एक सूक्ष्म भेद करतो. ज्याची अरुची जन्मजात असते त्यास उपाय नाही. ज्याची ज्ञानातून आलेली असते तो एखाद्या असामान्य कृतीपुढे वितळतो. आमच्या जुन्या दर्दी श्रोत्यांत हा दुसऱ्या जातीचा अरोचकी पुष्कळ असे. अब्दुल करीमखाँसाहेबांची तीन-साडेतीन मिनिटांची एखादी ध्वनिमुद्रिका मनात धरून तिच्यावर तो प्रत्येक नवा गळा घासून पाही. मॅथ्यू अर्नोल्डने 1880 साली काव्यपरीक्षणास जी कसोटीच्या दगडाची रीत सांगितली, ती आमचा श्रोता अर्नोल्ड न वाचता पाळीत होता. रीत चांगली, फक्त त्या दगडावर सोनेच पारखता येते हे विसरू नये. रेशीम घेऊन कोणी आला तर दगड काय सांगणार?

आणि आपण नेहमी कानांनीच न्याय करतो, अशा भ्रमातही राहू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांनी उमेदवारास पडद्याआड बसवून वाजवावयास लावण्याची प्रथा पाडली. वाजविणारा पुरुष की स्त्री, गोरा की काळा, हे परीक्षकास कळू नये हा हेतू. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसून आले की, वादनस्पर्धेतील खरे विजेते कोण हे नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाजाविना नुसते चित्र पाहणाऱ्यांना अधिक बरोबर ओळखता आले. आणि यात अनाडी व जाणकार असा भेद राहिला नाही. हे वाचून एखाद्या संगीतज्ञास लाज वाटेल. मला तितकी वाटली नाही, कारण शार्ङ्गदेवाच्या पंचवीस गायकदोषांची यादी मी पूर्वी पाहिलेली होती. दात आवळून गाणारा, भेसूर तोंड उघडणारा, उंटासारखी मान उंचावणारा, गाल फुगविणारा, गळ्याच्या शिरा ताणणारा, डोळे मिटून घेणारा: हे सारे दोष डोळ्यांनीच दिसावयाचे! पण त्याच यादीत अपस्वर आहे, तालभ्रष्टता आहे, शब्दांचा अस्पष्टपणा आहे, अनवधान आहे. डोळ्यांस त्याने साक्षीदार म्हणून उभे केले, न्यायाधीश केले नाही.

या सर्व विचारास मला नेटाने लावले ते आसेगावाने. वाशीम जिल्ह्यातील हे गाव. 1998 पर्यंत हा सारा भाग अकोला जिल्ह्यात मोडत असे. कापूस, तूर, सोयाबीन यांचा मुलूख. गावोगाव भजनी मंडळे आहेत. हरिनाम सप्ताह होतात, आणि अलीकडे भजनांच्या स्पर्धाही होतात. आमच्या एका आप्तांकडे मी तेथे गेलो असता अशी एक स्पर्धा ऐकण्याचा योग आला. परीक्षक दोघे, बाहेरगावचे, दोघेही शिकलेले. त्यांच्या हातातील गुणांचे कोष्टक मला पाहावयास मिळाले. स्वर, ताल, शब्दोच्चार, वाद्यांची साथ, शिस्त व पोशाख: पाच रकाने, प्रत्येकास वीस गुण.

ज्या मंडळाचे मला विशेष वाटले त्यात पुढे एक तरुण होता. आवाज स्वच्छ, परीक्षा दिलेला, तान बरी घेई. सर्वांत मागे, पखवाजाच्या शेजारी, सत्तरी ओलांडलेला एक वृद्ध टाळकरी. पूर्वी पुढे वीणा घेऊन तोच उभा राही. आवाज कापू लागल्यामुळे स्पर्धेपुरता त्यास मागे बसविला होता. अभंगाच्या दुसऱ्या चरणावर तरुणाने उत्साहाच्या भरात एक लांब तान घेतली आणि तो समेवर येईना. ठेका एकीकडे, चरण दुसरीकडे, मधोमध टाळकऱ्यांचे चेहरे. इतक्यात मागून त्या वृद्धाने, तान संपण्याची वाट न पाहता, धृपद उचलले. आवाज फाटका होता, पण शब्द नेमक्या मात्रेवर पडला. अर्ध्या आवर्तनात सारे मंडळ त्याच्यावर येऊन मिळाले, आणि तरुणाची तान जणू तेथेच संपावयाची होती असे वाटले. परीक्षकांना बहुधा मागून एक बेसूर आवाज आला एवढेच कळले असावे. मंडळास तिसरा क्रमांक मिळाला.

बाहेर आल्यावर त्या मंडळातील एका मध्यमवयीन शेतकऱ्यास मी त्या वृद्धाविषयी विचारले. तो म्हणाला, “आबाचा आवाज आता थरथरते, सर, पन आबा बसला नाही त भजन इखरते.”

हे वाक्य ऐकले आणि मला ‘रत्नाकरा’तील वृंदाचे प्रकरण आठवले. एकट्याने गाणारा आणि समुदायाने गाणारा हे भेद तेथे स्पष्ट केले आहेत. उत्तम वृंदात मुख्य गायक चार, त्यांना साथ देणारे आठ, गायिका बारा, बासरीवाले चार व मृदंगवाले चार असावेत, इथपर्यंत मोजदाद आहे. आणि वृंदाचे गुण सहा सांगितले आहेत: मुख्य गायकांच्या मागे जाणे, एकमेकांत मिसळणे, तालास धरून राहणे, तिन्ही सप्तकांत फिरण्याची ताकद, आवाजांचे साम्य, आणि एकमेकांचे जे तुटेल ते सांभाळून नेणे. या शेवटच्या गुणास आसेगावच्या कोष्टकात रकाना नव्हता. तो कोणत्याच शहरातील कोष्टकात मी पाहिलेला नाही. एकट्याच्या गाण्यासाठी बनविलेला माप घेऊन आपण समुदायाचे गाणे मोजतो, आणि मग ते कमी भरले म्हणून ‘म्हणणे’ या सदरात टाकतो.

यावर आमचे एक स्नेही, स्वतः उत्तम कानाचे, असा आक्षेप घेतात की, अशाने प्रत्येक टाळकरी गवई ठरेल आणि शब्दास किंमत राहणार नाही. आक्षेप खरा आहे. विदर्भात तर त्याचे मोठे उदाहरण डोळ्यांपुढे आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी वाजू लागली की हजारो माणसे रात्रभर बसत. 1942 साली त्या भजनांचा सरकारने एवढा धसका घेतला की महाराजांस नागपूर व रायपूर येथे तुरुंगात ठेवले. पण यावरून संगीत सिद्ध होते काय? कीर्तनात डोळ्यांत पाणी येते ते पंचमामुळे की पंढरीमुळे, हे डोळ्यांस विचारून कळत नाही. भक्ती, देशप्रेम, वक्त्याचे तेज, यांचा परिणाम संगीताच्या खात्यात जमा करणे हे श्रीकरणाधिप शार्ङ्गदेवास खचितच आवडले नसते! म्हणून परिणाम हा पुरावा नव्हे, हे मी कबूल करतो. महाराजांचे भजन मी संगीत मानतो ते गर्दीसाठी नव्हे. एका हातात मावणाऱ्या त्या चर्मवाद्यावर शब्दांची लय ज्या रीतीने पेलली जाई, ओळ कोठे आवरावी आणि कोठे समुदायाच्या हाती सोपवावी हे ज्या अचूकपणे साधले जाई, त्यासाठी.

माझ्या मते गवई ओळखावयाची खूण एवढीच: त्याच्या प्रत्येक स्वरास मागच्या स्वराची आठवण असते आणि पुढच्याची जबाबदारी. ही खूण केसरबाईंच्या गाण्यात आहे. त्यांची भैरवी 1977 साली ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर सूर्यमालेबाहेर निघाली हा निराळा भाग. ती पाठ केलेल्या तानांच्या माळेत नसते, मग ती माळ कितीही मोठ्या घराण्याची असो. आणि ती त्या वृद्धाने उचललेल्या धृपदात होती. त्यास केसरबाईंच्या पंगतीस नेऊन बसविणे हा दोघांचाही उपहास होईल. तो एकल गवई नाही, वृंदातला आहे, आणि वृंदातला म्हणून तो उत्तम आहे.

स्पर्धा भरविणाऱ्या मंडळींस मी दोन गोष्टी सुचविल्या, त्या येथेही नोंदवून ठेवतो. ध्वनिक्षेपक एकट्या पुढच्या गायकासमोर न ठेवता मंडळाच्या मध्यावर ठेवावा, म्हणजे मागचा आवाज बेसूर म्हणून नव्हे, आवाज म्हणून ऐकू येईल. आणि दोन परीक्षकांपैकी एकाने व्यासपीठासमोरच्या खुर्चीत न बसता टाळकऱ्यांच्या मागे सतरंजीवर बसावे. पहिली सूचना त्यांनी तत्काळ मान्य केली. दुसरीविषयी, बाहेरगावच्या पाहुण्यांस खाली बसविणे बरे दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.